गार्गीचे रविवार

२ मार्च, रविवार
सकाळी खालच्या मजल्यावरच्या गार्गीसोबत लकडगंजला, लाकडाच्या बाजारात. आरा मशीनवाल्या रुपरावकाकांनी बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाचा तुकडा दिला. घरी येऊन पेल्यात भिजवला, उन्हात धरला — पाणी निळं! गार्गीनं विचारलं, सागाचं असं का होत नाही? मग मी दोन तास बोलले. लाकूड म्हटलं की मला थांबता येत नाही. घरचे मोबाइल काढतात. ऑफिसात सगळ्यांना एकदम चहा आठवतो. गेल्या वर्षी, बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं. आई म्हणाली, बाहेर बोलू नको.
गार्गी दोन वर्षं दर रविवारी येते. घड्याळ बघत नाही.

५ मार्च
सिंधूमावशी आली होती. मेथी निवडता निवडता सहज बोलून गेली, "तुह्या आईनंच तर लावलं होतं गार्गीले. म्हणे, पोरगी एकटी पडली, तिचं लाकूडपुराण ऐकत जा."
आईला विचारलं. नाही म्हणाली नाही. तुझ्यासाठीच केलं, म्हणे.

६ मार्च
जेवले नाही.

९ मार्च, रविवार
गार्गी आली. दारातच विचारलं — आईनं पाठवलं होतं का? हो की नाही?
"हो, पण मुग्धा —"
पुढचं मला नको होतं. दार लावून घेतलं.
म्हणजे शंभरावर रविवार मी जीव तोडून बोलत होते आणि ती आईचा शब्द पाळत होती. ती हसायची, प्रश्न विचारायची, तेही आईनं सांगितलेलं? मला माणसांचे चेहरे कळत नाहीत. एक चेहरा कळतो असं वाटलं होतं.

१२ मार्च
तिचे सात फोन. नंबर ब्लॉक केला. मी जमवलेले लाकडाचे त्रेसष्ट तुकडे खोक्यात भरून पलंगाखाली ढकलले. वास येतोच.

१६ मार्च, रविवार
दिवस संपता संपेना.

१७ मार्च
काटोलचं स्थळ येणार आहे. त्यांच्यासमोर लाकडाचं काढू नको, असं आईनं तीनदा बजावलं. मी म्हटलं, आता कोणासमोरच काढणार नाही. गार्गीचं येणंही बंद केलंय.

१८ मार्च
आज आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "बरं केलं वं. जानेवारीतच म्हटलं होतं मी तिले, आता येऊ नको, तू आली की हिचं लाकूड वाढून राहिलं. ऐकलंच नाही तिनं. येतच राहिली."