कादंबरीतली सासू

दि. ३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

कादंबरीची पहिली प्रकरणं पाठवतेय. नायिका तुझ्यावरूनच घेतली आहे, तुझ्यापासून काय लपवायचं? लग्न होताच सासू तिचं शिलाई मशीन माळ्यावर टाकते आणि ती निमूट सोसते. घरात कुणाच्या हाती लागू देऊ नकोस, नाहीतर माझ्यापायी तुझ्या घरी महाभारत व्हायचं.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी

दि. १२ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

तुझी नायिका नुसती रडते गं. दबलेली बाई सगळीकडे मुकी नसते. मी घरात गप्प, शेजारणीकडे वटवट, आणि तुझ्यावर तर दादागिरीच. तिला एक शेजारीण दे, एक बहीण दे, म्हणजे माणसात येईल. मशीन परत मागायचं धाडस मात्र मला अजून झालेलं नाही. माळ्याकडे नुसती बघते आणि कामाला लागते.

आता घोळ ऐक. सासूबाईंनी मला वाचताना पकडलं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्याने त्यांना वाचता येत नाही, म्हणून मलाच मोठ्याने वाचायला बसवलं. मी घाबरत वाचतेय, तर त्या चक्क नायिकेच्या बाजूने! त्या सासूला अशी लाखोली वाहिली की मला जन्मात जमली नसती. स्वतःला काही ओळखलं नाही बाई. हे मान खाली घालून जेवत राहिले. पुढचं लवकर धाड, त्या रोज विचारतात.

माया पातळ करू नकोस.

ताई

दि. २० मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हसून हसून पोट दुखलं. शेजारीण आणि बहीण घातल्या. त्यांच्या संगतीने नायिका टोमणेसुद्धा मारायला लागली. पण सासू आपणहून मशीन देईल, हे कुणाला पटणार? म्हणून शेवटी सासूला मारून टाकलंय. ते पान जपून वाच.

तुझीच, वाढत्या लोभाची

धाकटी

दि. ३० मार्च

चि. लेखिकाबाईंस, आशीर्वाद.

हे शेजारणीकडून लिहून घेतेय, सुनेला कळवू नकोस. ऑपरेशन डोळ्यांचं झालं, डोक्याचं नाही. पहिल्याच दिवशी मी स्वतःला ओळखलं. पण सुनेचा इतका मोकळा आवाज या घरात मी कधी ऐकलाच नव्हता. सासूला शिव्या घातल्या की ती गालात हसायची, म्हणून घालत गेले. चुकलंच माझं.

सासू मरते ते पान तिने मला वाचून दाखवलं नाही, कादंबरी संपली म्हणाली. ते मी शेजारणीकडून वाचून घेतलं. मग मी लेकाला माळ्यावर चढवलं. आता दिवसभर खडखडाट, दुपारची झोप गेली.

तेव्हा त्या बाईला इतक्यात मारू नकोस. सून तिच्यासाठी कोट शिवतेय, एक बाही व्हायची आहे.

तुझ्या कादंबरीतली सासू