बंदरात अडकलेली लाल गाडी

३ मार्च
ट्रेंटची गाडी अमेरिकेतून जहाजावर चढली. लाल, सदुसष्ट सालची. गाडी आली की माझा नवरा शांत होणार, नक्की. तोवर उलट बोलायचं नाही, टिलीला रडू द्यायचं नाही. टिली सात महिन्यांची आहे. तिला समजावलं.

११ मार्च
कप फेकला. लागला नाही, म्हणजे नेम धरलाच नव्हता. कप जुनाच होता.

२ एप्रिल
गाडी मेलबर्नला आली आणि कस्टमवाल्यांनी अडवली. जुन्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये, इंजिनच्या पॅकिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असतं म्हणे. त्याची धूळ छातीत गेली की माणूस खलास. म्हणून ऑस्ट्रेलियात बंदी. विकणाऱ्याने ब्रेक नवे घातले होते, पण तिकडच्या नव्यातही ते असू शकतं, इथे चालत नाही. ट्रेंट फोनवर त्यांना म्हणाला, ब्रेक काय चाटायला आणलेत का मी? मला हसू आलं. यायला नको होतं. ओठाला बर्फ लावलाय.

९ एप्रिल
बंदरावर गाडी खोलून तपासतायत. ते कळल्यावर ट्रेंटने टिलीच्या खोलीच्या भिंतीत बुक्की मारली. हात कोपरापर्यंत आत. भिंतीला मारलं, मला नाही. सुधारतोय.
पाळण्यात पांढरी धूळ पडली. झाडत होते तर शेजारची मर्ल आजी धावत आली. म्हणाली, अगं पोरी, झाडू नकोस, ही जुनी फायब्रोच्या, सिमेंटच्या पत्र्यांची घरं, त्याच्या गाडीत जे आहे तेच तुझ्या भिंतीत आहे. लेकराला घे आणि माझ्याकडे चल. मी म्हटलं, गाडी येऊ दे, मग बघा.
भोकावर ओला टॉवेल कोंबला, वर गाडीचा फोटो चिकटवला. पाळणा स्वयंपाकघरात. ट्रेंटला भिंतीचं सांगितलं नाही. उगाच चिडेल.

६ मे
गाडी सुटली. ब्रेक, पॅकिंग, सगळं बदललं. अ‍ॅसबेस्टॉस नाही असा कागद मिळाला. आमच्या घरात एवढी स्वच्छ वस्तू दुसरी नाही.

७ मे
ट्रकवरून उतरवली. ट्रेंट रडला. मला मिठी मारली. म्हटलं होतं ना मी?
तरी मनात ठरवून ठेवलंय. कधी फारच झालं तर टिलीला घ्यायचं, हीच गाडी काढायची, बहिणीकडे बॅलरॅटला. किल्ली खिळ्यावर असते. वेळ येणार नाही म्हणा.

८ मे
आली.
टिली बॉनेटवर दूध ओकली. ट्रेंटने हातोडी उचलली. मी खिळ्यावरची किल्ली ओढली, टिलीला आणि तिच्या पिशवीला धरून गाडीत शिरले, दारांचे खटके दाबले. आधी चुकीच्या सीटवर बसले, अमेरिकन गाडीचं स्टेअरिंग उलट्या बाजूला. सरकले. किल्ली फिरवली. काही नाही. परत फिरवली.
ट्रेंट बाहेरून म्हणाला, अगं येडे, जहाजात भरताना पेट्रोल काढून घेतात, बॅटरी सोडवतात. आग लागू नये म्हणून.
वही पिशवीत होती. लिहितेय, म्हणजे त्याच्याकडे बघावं लागत नाही. हातोडी काचेसमोर वर करतो, खाली करतो. काच फोडणार नाही. या गाडीवर त्याने कधी हात उचललेला नाही. मध्ये थांबून बाहीने बॉनेट पुसला.
मर्ल आजी कुंपणापलीकडे फोन घेऊन उभी आहे. म्हणतेय, पोलीस निघालेत, दार उघडू नकोस गं.
गाडी आली की सगळं नीट होणार होतं.
टिली रडतेय. रडू दे.