बाहेरचा जिना

ता. ४ फेब्रुवारी

चि. भावोजी यांस,
अ. उ. आ.

त्या दिवशी सकाळी मी पिंप भरून घेतलं होतं. नळाला आता धार येत नाही, नुसती लाळ गळते, म्हणून पहाटेपासून बसावं लागतं. भाजी चिरून ठेवली, दोरीवरचे कपडे काढून घड्या केल्या, ह्यांचा शर्ट इस्त्रीला घेतला. हे खिडकीशी दाढी करत होते. तुमचा मजला उठल्यापासून तिथे उजेड येत नाही, म्हणून दिवा लावून करायचे आणि रोज कुरकुरायचे की भावाने सूर्यसुद्धा भाड्याने दिला. तेवढ्यात दाढीच्या पाण्याचा मग पडल्याचा आवाज आला. पुढचं तुम्हाला कळवलेलं आहे. पण कळवणं वेगळं आणि बघणं वेगळं.

तुम्ही लिहिता की नगरपालिकेची नोटीस आली आहे. आगीचा बंब गल्लीत शिरत नाही, म्हणून बाहेर आलेले जिने काढायचे. शेजारच्या घराने ‘आमची हरकत नाही’ असं लिहून दिलं तर तुमचा जिना राहील. शेजारचं घर म्हणजे मी. नुसती सही करून पाठवा, असं तुम्ही लिहिलंत. त्यापेक्षा जिना घराच्या आत घ्या. एक खोली जाईल, पण वरची बिऱ्हाडं राहतील.

जाऊबाईंच्या गुडघ्याला आराम पडला का ते कळवावे. लोभ आहेच, तो फार ताणू नये.

— वहिनी

ता. ११ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हिने मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, मोठ्या जाऊबाई वाचनालयातली पुस्तकं वाचून वाचून वकिलासारखं लिहायला लागल्या.

गंमत सोडा. गाव वाढतंय ते मी वाढवलेलं नाही. कारखाने आले, मागोमाग माणसं आली. शाळा दोन पाळ्यांत भरते, दवाखान्यात जमिनीवर गाद्या घालतात, हे तुमच्याच पत्रांतून कळतं. या माणसांनी राहायचं कुठे? मी मजला चढवला म्हणून त्या नर्सबाईंचं आणि ड्रायव्हरचं बिऱ्हाड उघड्यावर नाही. जिना आत घेतला तर जाते ती नेमकी खालची खोली. पुढच्या वर्षी निवृत्त झालो की आम्ही तिथेच राहणार. हिला वर चढवत नाही, आणि दुसरं घर आम्हाला नाही.

शिवाय जिना मी चोरून बांधलेला नाही. मापाच्या सुतळीचं दुसरं टोक दादाने स्वतः धरलं होतं. गेलेल्या माणसाचा शब्द तुम्ही मोडू नये.

जुना लोभ आठवून सही करावी.

— तुमचा दीर

ता. १७ फेब्रुवारी

चि. भावोजी यांस,
अ. उ. आ.

सुतळी ह्यांनीच धरली होती. मी दारातून पाहत होते. वाट मोजायची आपल्या घरात एकच रीत, मामंजींपासूनची. पलंग गेला की वाट पुरे. ह्यांनी दोनदा विचारलं की जिन्यापाशी पलंग वळेल का. तुम्ही म्हणालात, आडवा नाही वळायचा, पण उभा करून जाईल, आणि रोज कोण पलंग फिरवतंय. हे हसले आणि सुतळी गुंडाळून ठेवली.

त्या सकाळी ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच थांबली. स्ट्रेचर तुमच्या जिन्यापर्यंत आलं आणि वळेना. पायऱ्यांखाली भाडेकरूंच्या दुचाकी, त्यांच्या चाव्या सापडेनात. शेवटी ह्यांना खुर्चीत बसवून उचललं. मान सारखी पुढे पडत होती, ती धरून मी चालले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. त्यांना मी जिन्याचं काय सांगणार?

भावोजी, पलंग उभा करून नेता येतो. माणूस नाही नेता येत.

तुम्ही लोकांना छप्पर दिलंत, हे खरं. पण वाट घेतलीत. ह्यांना दोष नाही असं मी म्हणत नाही. जेवायला एकटी बसले की रोज देते.

तुमची खोली गेली तर माझी बाहेरची खोली तुम्हा दोघांची. धाकट्या भावाला ती जड वाटू नये.

होता तेवढा लोभ असू द्यावा.

— वहिनी

ता. २४ फेब्रुवारी

वहिनी,
नमस्कार.

दुसऱ्याच्या खोलीत पाहुणा होऊन मला म्हातारपण काढायचं नाही. मुदत सोमवारी संपते. तुमची सही आली नाही तर मी जिना आतही घेणार नाही, वरच्या मजल्याला कुलूप घालीन. बिऱ्हाडं कोणामुळे रस्त्यावर आली ते गल्ली बोलेलच. दादाबरोबर तुमचं-आमचं नातंही गेलं असं समजेन.

— दीर

ता. २ मार्च

चि. भावोजी यांस,
अ. उ. आ.

तुम्ही मायना तोडलात. मी वयाने मोठी, मला तोडता येत नाही.

तुमच्या कुलपाची बातमी माझ्याआधी वरच्यांना पोचली होती. रविवारी नर्सबाई खाली आल्या. म्हणाल्या, गावभर फिरून झालं, अंथरुणाला खिळलेली सासू आहे म्हटलं की घरमालक दार लावून घेतात. तेव्हा जिन्यासाठी सही करून टाका. मी विचारलं, सासूबाईंना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर त्या जिन्यावरून कशा न्याल? त्या दिवशी ह्यांच्या खुर्चीचा एक पाय ह्याच बाईंनी धरला होता. मग म्हणाल्या, ते मी मनात येऊच देत नाही.

मी ड्रायव्हरकडेही वर गेले होते. त्याच्या बायकोने दार उघडलं नाही. आत मुलं बोलत होती, ती एकदम गप्प झाली. दोन बिऱ्हाडं सामावतील एवढं माझं घर नाही. ती माणसं आता माझं नाव घेऊन बोटं मोडतील, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

लोभ मागायला आता तोंड नाही. आशीर्वाद मात्र तुम्ही घेतलेत काय, न घेतलेत काय, दिलेले आहेत.

सोमवारी सकाळी मी बाहेरची खोली झाडून नर्सबाईंना दिली. दुपारी नगरपालिकेत गेले आणि माझी हरकत आहे असं लिहून दिलं.

— वहिनी