वरच्या मजल्यावरचे ग्राहक

रविवार, दुपारचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात वाकवत नाही, तेव्हा आठांतली दोन-तीन अंगं वजा धरावीत.) आपली प्रकृती कशी आहे? डावा गुडघा काय म्हणतो? निघण्यापूर्वी मी करून दिलेली वरची कवळी आपण वापरता, की ती अजून डबीतच मुक्कामाला आहे? शेजारच्या काकू सगळ्यांना सांगतात की मी परदेशात दातांची डॉक्टर झाले, आणि आपण तिथल्या तिथे त्यांना दुरुस्त करता की डॉक्टर नाही, कवळ्या करते. याबद्दल आभार मानावेत की रुसावं ते अजून ठरत नाही. पत्रात आपल्याला अहो-जाहो करायचं मी विमानातच ठरवलं होतं, पण पहिल्याच परिच्छेदात दम लागला. यापुढे तू. राग आला तर पत्र मिटून ठेव, मात्र ताजा कलम वाचल्याशिवाय फाडू नकोस.

निघताना तू बजावलंस की फोन करायचा नाही, पत्र लिहायचं. बत्तीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची तोंडं लोकांच्या कानांना जोडून दिली, आता माझ्या कानांनाही निवृत्ती हवी, असं तुझं म्हणणं. निवृत्त होताना टेलिफोन खात्याने दिलेला फोन तू रुमालाखाली झाकून ठेवतेस, आणि तो वाजला की स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडतेस. (कान हे निमित्त आहे, हे मला ठाऊक आहे. त्यावर पुढे येतेच.) तुझी आज्ञा मोडायची माझी काय बिशाद! म्हणून इथे फोन घेताना माझी जी फजिती झाली, ती तुला पत्रानेच कळवते.

इथे फोन नसेल तर बँक खातं उघडत नाही, खातं नसेल तर फोन मिळत नाही, आणि दोन्ही नसतील तर घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या की असं हसतात, जणू मी उद्याच बोचकं बांधून निघणार आहे. शेवटी आमच्या कवळ्यांच्या लॅबच्या मालकाने चिठ्ठी लिहून दिली आणि मला फोनच्या दुकानात पाठवलं. आता भाषेचं सांगते. वर्गाला मी नेमाने जाते, पण डोक्यात तेवढंच राहतं जे दिवसभर कामावर कानांवर पडतं. त्या दिवशी माझ्या गाठीला साठेक शब्द होते आणि त्यांतले चाळीस दातांचे. तोंड उघडा, चावून बघा, मूळ गेलं, सूज आहे, वरचा, खालचा. एवढ्या भांडवलावर माणूस कवळी बसवू शकतो, संसार मांडू शकत नाही.

दुकान बघून मात्र मी गारच पडले. गर्दी नाही, ढकलाढकली नाही. दारात एक यंत्र चिठ्ठी देतं, चिठ्ठीवर आकडा, आणि तो आकडा भिंतीवर दिसेपर्यंत गादीच्या बाकावर बसायचं. माझ्यामागून एक सुटाबुटातला गृहस्थ आला. चांगला बडा माणूस असावा, कारण काउंटरवरच्या दोघांनी त्याला मान झुकवून नमस्कार केला, पण आकडा माझाच आधी लागला. आत्या, त्या क्षणी मला तुझी इतकी आठवण झाली की डोळ्यांत पाणी आलं. हे दुकान तूच चालवतेस की काय असं वाटलं.

आणि खरंच काउंटरवर तूच होतीस. म्हणजे साठीच्या आसपासची बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, केस चापून बसवलेले, आणि समोरच्याच्या अर्जात चूक सापडणारच अशी पक्की खात्री चेहऱ्यावर. मी मनातल्या मनात तिचं नाव हेडबाई ठेवलं. हेडबाईंनी अर्ज पुढे सरकवला. पहिल्या चौकटीत नाव, ते मी लिहिलं. खालच्या चौकटीत काय लिहायचं ते छापलेलं होतं, पण मला वाचता येईना, आणि वाचायची गरजही वाटेना. बालवाडीपासून या वयापर्यंत मी शाळेचे, परीक्षेचे, रेशनचे, वाचनालयाचे जेवढे म्हणून अर्ज भरले, त्यांत माझ्या नावाखाली कायम एकच गोष्ट असते. हात आपोआप चालला. ठळक अक्षरांत बाबांचं पूर्ण नाव लिहून मोकळी झाले.

हेडबाईंनी चष्मा चढवला आणि विचारलं, वडील? मी अभिमानाने म्हटलं, वडील. त्यांनी माझा पासपोर्ट उघडला, शेवटच्या पानावर छापलेलं वडिलांचं नाव शोधून काढलं आणि त्यावर बोट ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. (तूसुद्धा एवढं पाहिलं नसतंस. बरं, पाहिलं असतंस.) मग त्यांनी आणखी काहीतरी विचारलं, त्यात मला 'कुठे' एवढंच कळलं. वडील कुठे असतात? आता आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल असं विचारलं तर आपण काय करतो? मी डोळे वर केले, हात जोडले, आणि कवळ्यांच्या कृपेने येत असलेला शब्द बोलले: वर. हेडबाईंना ते पटलं. त्यांनी मान डोलावली आणि अर्जावर काहीतरी नेटकं लिहिलं. हातात फोनचा नंबर पडला, इंटरनेट जोडायला माणूस कधी येईल ती तारीख मिळाली, आणि मी तरंगत घरी आले.

ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या मिनिटाला (हो, मिनिटाला, मी घड्याळ लावून घेतलं) तारवाला आला. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेल्या, कमरेला हत्यारांचा पट्टा. मी पहिल्या मजल्यावर दार उघडून, चहाचं आधण ठेवून हसतमुख उभी. त्याने मला नमस्कार केला, हातातला कागद पाहिला, आणि माझ्या दारावरून वर निघून गेला. दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर, आणि तिथून माळ्यावर. मी मागे धापा टाकत, खालचा खालचा असं ओरडत. तो समजुतीने हसला. (त्याला वाटलं असणार, बाईंची दाढ दुखतेय.) माळ्यावर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, तीन मोडक्या खुर्च्या आणि छताला एक खिडकी. राहत कुणीच नाही. पण कागदावर ग्राहकाचा पत्ता 'वरचा मजला' असा होता, आणि कागदावर आहे ते करायचं असा त्याचा बाणा.

आणि काय काम केलं म्हणून सांगू! तळापासून माळ्यापर्यंत तार नेली ती अशी की रेघ मारून घ्यावी. वीत-वीत अंतरावर खिळा. भोक पाडताना खाली डबी धरली, भुकटीचा कण जिन्यावर पडू दिला नाही. माळ्याच्या भिंतीला छोटी फळी ठोकली, फळीवर डबा बसवला, हिरवा दिवा लागल्याचं मला तीनदा दाखवलं आणि निघताना म्हणाला, वडिलांना सांगा, सगळं चालू आहे. तेव्हापासून मला इंटरनेट हवं असलं की मी साठ पायऱ्या चढून ओल्या चादरींमध्ये मोडक्या खुर्चीवर बसते. वैताग येतो, खोटं कशाला बोलू. पण त्या माणसाच्या कामात दोष काढायला माझी जीभ रेटत नाही.

खरा उलगडा चार दिवसांनी टपालाने झाला. जाड कागदाचं, सोनेरी कडेचं पत्र. लॅबच्या मालकाने इंग्रजीत वाचून दाखवलं. श्रीयुत अमुक अमुक, म्हणजे तुझा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, आपण आमचे ग्राहक झालात याचा आम्हाला आनंद वाटतो. ती दुसरी चौकट होती फोन ज्याच्या नावाने हवा त्या माणसाची. मी लॅबमध्येच, प्लास्टरच्या पोत्यावर बसले. मालकाने पाणी आणून दिलं.

मग दुरुस्तीसाठी पुन्हा दुकान. पहिल्यांदा एकटीच गेले, ती चूक झाली. बाबा गेले हे सांगायला माझ्यापाशी शब्द एकच, मूळ गेलं. वडील, मूळ गेलं, असं मी दोनदा म्हटलं. हेडबाई कळवळल्या. त्यांनी गाल धरून दाखवला आणि सूज उतरली की वडिलांना ओळखपत्र घेऊन सावकाश येऊ द्या, असं समजावलं. दुसऱ्या खेपेला मालकाला बरोबर नेलं. त्याने नीट सांगितलं की वडील जाऊन चौतीस वर्षं झाली. हेडबाई उभ्या राहिल्या. चष्मा काढला. हसल्या नाहीत, आत्या, आणि हसण्यासारखं होतं खूप. चूक आपली आहे असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. मग नियम सांगितला: मृत्यूचा दाखला आणून द्या, त्याच दिवशी हे कनेक्शन बंद होईल, आणि तुमच्या नावाने नवीन अर्ज करता येईल, पाच-सहा आठवडे लागतील.

तेव्हा मूळ विनंती ही. दाखला तुझ्या लोखंडी कपाटात आहे, दुसऱ्या खणात, निळ्या पिशवीत. त्याची नक्कल साक्षांकित करून पाठव.

त्या पिशवीत आणखी एक कागद आहे, तोही मला ठाऊक आहे. बाबांनी फोनसाठी नाव नोंदवलं त्याला आठ वर्षं झाली होती. फोन येण्याआधीच त्यांनी भिंतीला फळी ठोकून ठेवली होती, अजून आपण तिला फोनची फळी म्हणतो, आणि तिच्यावर तुझ्या गोळ्यांचा डबा असतो. तू कामावरून आलीस की ते रोज विचारायचे, ताई, नंबर लागला का? आणि तू चप्पल काढता काढता म्हणायचीस, रांगेत आहे. साहेबांच्या कानात तू एक शब्द टाकला असतास तर महिन्यात फोन आला असता. तू टाकला नाहीस. बाबा गेले, आणि सातव्या आठवड्यात खात्याचं पत्र आलं की आपला क्रमांक आला आहे. तू ते उभ्यानेच वाचलंस, चार घड्या घातल्यास, कपाटात ठेवलंस आणि पाळीला गेलीस. त्या दिवशीही पूर्ण पाळी तू लोकांचे नंबर जोडलेस. मला तुझा राग होता, बरीच वर्षं. सांगून टाकते. पण बाबांना नव्हता. ते चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचे की माझी ताई एक्स्चेंजमध्ये आहे, तेव्हा माझा फोन सगळ्यांत शेवटी येणार. एवढी प्रौढी मी दुसऱ्या कशाबद्दल त्यांच्या तोंडून ऐकली नाही. आणि त्या दुकानात सुटाबुटातल्या माणसाला बाकावर बसलेला पाहून मला पहिल्यांदा कळलं, त्यांना त्यात काय एवढं वाटायचं ते.

बाकी क्षेम. गोळ्या वेळेवर घे. कवळी लाव.

तुझी,
खालच्या मजल्यावरची

ता. क. एक: माझा नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. मी तुला फोन करणार नाही, शब्द पाळीन. तू मला करायचा नाहीस, असं मात्र काही ठरलेलं नाही.

ता. क. दोन: दाखला पाठवू नकोस. पिशवी काढली असशील तर परत ठेव. हेडबाई मला दारापर्यंत सोडायला आल्या होत्या. मालकाकरवी त्यांनी हळूच सांगितलं की दाखला हातात येत नाही तोवर कंपनीच्या लेखी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ उत्तम ग्राहक आहेत, आणि दाखला कधी आणायचा याची मुदत नियमात कुठेही लिहिलेली नाही. साठ पायऱ्यांनी माझं वजनही उतरतंय.

ता. क. तीन: पुढच्या रविवारी, तुझ्याकडे दुपारचे चार वाजले की रुमाल बाजूला कर आणि माझा नंबर फिरव. मी उचलणार नाही. पाच वेळा वाजू दे, ठेवू नकोस. मग एक यंत्रातली बाई बोलेल. तिची भाषा तुला कळायची नाही, म्हणून अर्थ लिहिते: आपण ज्यांना फोन केला आहे, ते श्रीयुत अमुक अमुक सध्या फोनवर येऊ शकत नाहीत, कृपया आपला निरोप सांगा. आपल्या आडनावातल्या 'ळ'चा ती 'ल' करते, त्यावरून तिच्यावर डाफरू नकोस, नाव आदराने घेते. त्यानंतर एक शिटी वाजते आणि तीन मिनिटं मिळतात. इतकी वर्षं ट्रंक कॉलवर लोकांना तीन मिनिटं झाली म्हणून तूच सांगत आलीस, तेव्हा ती पुरतात कशी हे तुला माहीत असेल. काय बोलायचं ते तू ठरव. सुचलंच नाही, तर ते रोज विचारायचे त्याचं उत्तर दे. कुणाच्या कानात एक शब्दही न टाकता, बाकावर बसून, आपल्या पाळीने, त्यांचा नंबर लागला.