लाल कातड्याची सीट

अण्णा, मला तुमची किळस आली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. राग आला होता असं म्हटलं तर बरं दिसेल. मुलीला बापाचा राग येतो, जातो. हे तसं नव्हतं. त्या रविवारी तुम्ही पाटावर बसलात, चित्राहुती घातलीत, वरणभात कालवायला लागलात आणि तुमच्या बोटांकडे बघून मी हातातला घास खाली ठेवला. मी ताटावरून उठले. तुम्ही आईला म्हणालात, "पित्त झालंय हिला, आवळा दे." मी अठरा वर्षांची होते, कॉलेजचं पहिलं वर्ष होतं, आणि परसात ती काळी मोटार उभी होती.

मुंबईच्या एका यजमानांनी वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर ती तुम्हाला दान दिली होती. पंचवटीत आपल्या गल्लीत तेव्हा स्कूटरसुद्धा एकच होती. तुम्ही महिन्याभरात चालवायला शिकलात आणि यजमानांना गाडीतून त्र्यंबकला नेऊ लागलात. सीट होती लाल कातड्याची. पहिल्याच दिवशी आईनं विचारलं, "हे चामडं चालतं का?" तुम्ही सीटवर धाबळी पसरलीत. मध्ये लोकर आली की दोष नाही, म्हणालात. सहा महिने त्या धाबळीवर सोवळ्यातली माणसं बसत होती. मग श्रावणात एका म्हाताऱ्या यजमानीणबाईंच्या खालची धाबळी सरकली. बाईंनी बघितलं, भर रस्त्यात गाडी थांबवायला लावली, उतरल्या, आणि एका विहिरीवर लुगड्यासकट आंघोळ करून चालत राहिल्या. तुम्ही मागून गाडी हळूहळू चालवत त्यांना विनवत होतात. घरी आलात तेव्हा चेहरा पडलेला. "ते कातडं काढून रेक्झिन बसवायचं," म्हणालात, "पण घरीच." भद्रकालीतल्या सीटवाल्याकडे गाडी नेली असती तर इतके दिवस यजमानांना कशावर बसवत होतात त्याचा घाटभर बोभाटा झाला असता.

रेक्झिन आलं, तपकिरी रंगाचं, गुंडाळी करून. पण कातड्याला हात कोण लावणार? तुम्ही लावणार नव्हता. आणि मग तुम्ही माझ्या गणिताच्या सरांना चहाला बोलावलंत. निरोप माझ्याच हाती दिलात.

सर तुम्हाला नीट माहीत नव्हते, म्हणून लिहिते. मॅट्रिकच्या वर्षी मला बीजगणित अजिबात येत नव्हतं. दर शनिवारी मी बसनं नाशिक रोडला त्यांच्या घरी जायची. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि स्टोव्हवर पोहे परतणाऱ्या त्यांच्या बाई. मी ते पोहे खायची. तुम्हाला सांगायची की मैत्रिणीकडे गेले होते. सरांनी शिकवण्याबद्दल कधी काही घेतलं नाही. गणितात मला चांगले मार्क पडले तेव्हा पेढे मी नाही, त्यांनी वाटले.

रविवारी सकाळी ते सायकलवरून आले. इतक्या लांबून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. विद्यार्थिनीच्या वडिलांनी पहिल्यांदाच बोलावलंय म्हणून आले होते. आईनं शिरा केला होता. ते ओट्यावर चपला काढायला वाकले, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "राहू द्या, राहू द्या. असं बाजूनं या." आणि घराच्या कडेच्या बोळातून त्यांना परसात घेऊन गेलात. मी मागोमाग गेले. सरांना वाटलं असेल, गाडी दाखवताय.

तुम्ही गाडीचं दार उघडलंत, धाबळी उचललीत आणि म्हणालात, "मास्तर, हे एवढं काढून हे रेक्झिन चढवून द्यायचंय. आमच्यात कुणाला जमायचं नाही. तुमच्याकडे कसं, परंपरेनं हात बसलेला असतो."

सर सीटकडे बघत राहिले. मला ते अजून दिसतात. एक हात गाडीच्या टपावर, आणि मान थोडी खाली. ते चिडले असते तर मी सुटले असते. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, कातडं शिवणं आमच्याकडे कधीच नव्हतं. आम्ही मेलेली जनावरं ओढायचो. तेही माझ्या वडिलांनी सोडलं. मला गणित येतं. गणिताचं काही असेल तर सांगा."

तुम्ही हसलात. "अहो, रागावता काय! मी आपलं सहज विचारलं." तेवढ्यात आई शिऱ्याची बशी घेऊन मागच्या दारात आली. घरातली रोजची स्टीलची बशी. तुम्ही तिच्याकडे बघून हळू म्हणालात, "ती नको, दुसरी." हळू म्हणालात, पण परसात तिघंचौघंच होतो आपण. सर म्हणाले, "वहिनी, राहू द्या. घरी वाट बघतायत." माझ्याजवळून जाताना थांबले. "कॉलेज नीट चाललंय ना?" मी मान हलवली. ते गेले. दुपारी तुम्ही जेवलात, वरणभात दोनदा घेतलात. मी उठले ते त्याच ताटावरून.

सीट मग आईनं काढली. सोमवारी तुम्ही घाटावर गेल्यावर तिनं पदर खोचला आणि मला पाना आणायला सांगितला. खालचे बोल्ट गंजलेले, त्यांवर खोबरेल सोडून ते सैल केले. दोघींनी मिळून सीट अंगणात ओढली, उलटी केली, तारेच्या कड्या पकडीनं एकेक उपटल्या. कातडं सुटलं तसा आतून भपकारा आला. काथ्या कुजून काळा पडला होता, त्यात उंदरानं घर केलं होतं, चार पिल्लं वाळून चिकटली होती. मला ओकारी आली. आईनं चिंध्यांनी सगळं बाहेर ओढलं, स्प्रिंगा राखेनं घासल्या, नवा काथ्या भरला. सुटलेल्या कातड्याचे तुकडे रेक्झिनवर ठेवून तिनं खडूनं कड आखली. मशीनच्या सुया मोडल्या तेव्हा दाभण घेतला. रेक्झिन उन्हात ठेवून मऊ केलं, ताणून बसवलं. तीन दिवस लागले. तुम्ही संध्याकाळी येऊन लांबूनच, उपरण्यानं नाक धरून म्हणायचात, "डावीकडे चुणी राहिलीय." आणि रात्रीचं वाढायला तिला स्वयंपाकघरात येऊ द्यायचा नाहीत. तीन दिवस मी वाढलं. तिच्या बोटांना भोकं पडली होती, ती माजघराच्या दाराशी बसून एकटी जेवायची. चौथ्या दिवशी तुम्ही नव्या सीटवर गोमूत्र शिंपडलंत आणि यजमानांना आणायला निघालात. गाईचं कातडं काढलं आणि गाईचं मूत शिंपडलं. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला हसूसुद्धा येत नव्हतं.

जुनं कातडं गंगेत सोडून ये, म्हणालात. ज्या पाण्यात रोज संध्या करायचात त्यातच. मी ते पोत्यात घालून पुलाच्या तोंडाशी चपला शिवत बसणाऱ्या बाबांना दिलं. त्यांनी उलगडून बघितलं, कडेवरून अंगठा फिरवला. "लय चांगलं हाय की ताई. आन् कुठं फाटलं नाय. कुणी काढलं?"

"माझ्या आईनं."

"झ्याक काढलंय. सांगा त्यांना."

मी घरी येऊन आईला सांगितलं. त्या दिवशी तिनं स्वतःहून माझ्या केसांना तेल लावलं.

गाडी पुढं सात-आठ वर्षं चालली. मी तीत पुन्हा बसले नाही. तुम्हाला वाटायचं, मला गाडी लागते. तुम्ही गेलात तेव्हा मी गणितच शिकवत होते, आणि तेराव्याला लोक तुमच्या सोवळ्याचं कौतुक करत होते. मी मान डोलावत होते.

त्यानंतर एकदा नाशिक रोड स्टेशनवर सर भेटले. केस सगळे पांढरे. मी वाकून नमस्कार केला, त्या रविवारचा विषय काढला, "अण्णांनी तुमचा फार..." एवढंच मी म्हणाले. त्यांनी हात वर करून थांबवलं. "तुझी आई कशी आहे? त्या बाईनं शिरा केला होता, मी खाल्ला नाही. ते राहून गेलं." मग गाडी आली, ते गेले. गाडी येईपर्यंत बोलायला वेळ होता, अण्णा. मीच बोलले नाही.

हे तुम्हाला लिहितेय, कारण त्यांना लिहायचं धाडस मला आजही होत नाही. रेक्झिन आलं त्या संध्याकाळी तुम्ही ओसरीवर बसून विचारलं होतंत, "या कामाला कुणी ओळखीचं आहे का?" मी भाजी निवडत होते. वर्षभर मी त्या घरात पोहे खाल्ले होते, आणि त्या घरात पुस्तकं आणि स्टोव्ह सोडून दुसरं कसलंही हत्यार मी पाहिलं नव्हतं. तरी मान वरही न करता मी म्हणाले, "आमच्या सरांना विचारू का?"