पान दोनशे ब्याण्णवची शाल

भाईंदर पश्चिम,
९ डिसेंबर १९९१

ती. सुगंधाताईस,
विमलचा नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा दमा आणि गिरगावातलं तुमचं पाणी, तिन्ही ठीक आहेत असं धरून चालते. कारण पुढे मी तुझ्यावर चिडणार आहे, आणि आजारी माणसावर चिडू नये असं शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं.

तू वाचायला दिलेल्या इंग्रजी कादंबरीबद्दल लिहितेय. त्यातली बेटावरची म्हातारी दर प्रकरणात पांढऱ्या लोकरीची जाळीदार शाल थोडी थोडी विणते. आधी लाटांची किनार, मग शिंपले. म्हटलं, ती विणते तर मी का नाही? टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या तारा जोडल्या, आता काहीतरी स्वतःसाठी. एक प्रकरण वाचायचं, तेवढंच विणायचं. (शेवटचं पान आधी बघणं म्हणजे चोरी, हेही सिस्टरचंच.)

निहार म्हणाला, "आई, भाईंदरला लोकर? इथे डिसेंबरात पंखा पाचवर असतो!" मी म्हटलं, मग पंखा बंद कर. पण खरा घोळ घातला शेजारच्या हंसाबेनने. रिटायर सासू, हातात सुया, पांढरी लोकर, झालं! मजलाभर बातमी फिरली आणि रुचितासाठी (म्हणजे निहारच्या बायकोसाठी; लग्नाला जेमतेम सहा महिने) चार घरांतून आवळे आले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी हंसाबेनला मीच सांगितलं, शाल माझी आहे. तर म्हणते, "आपके लिए? इस उमर में?" जणू मी शाल नाही, स्कूटर घेतेय.

तरी विणत राहिले. आणि परवा आलं पान दोनशे ब्याण्णव. म्हातारी शाल पुरी करते, पेटीत ठेवते, मरते, आणि तीच पांघरून तिला पुरतात! ताई, चार महिने मी माझं कफन विणत होते! तू तर वाचली होतीस ना? ऑगस्टात फोनवर सांगितलं तेव्हा "छान, वेळ जाईल" एवढंच म्हणालीस.

निहारने अपशकुन म्हणून शाल पिशवीत कोंबून माळ्यावर टाकली. मी स्टूल ओढून काढली. येणाऱ्या बाळाला चालते, गेलेल्या म्हातारीला चालते, मधे जी धडधाकट बाई बसलीय तिलाच तेवढी चालत नाही? आज सकाळी पांघरून थेट मासळीबाजारात गेले. घामाने निथळले, पण काढली नाही. राई गावची कोळीण हसली, "बाय, जालं घेऊन कुठं निंगाली?" मग बोटं लुगड्याला पुसून तिने टोकाकडची वीण निरखली. "हितं एक भोक जास्त हाय." चार महिन्यांत त्या विणीकडे नीट बघणारी ती पहिलीच. (भोक खरंच जास्त होतं. घरी येऊन दहा ओळी उसवल्या.)

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी, अजून जिवंत,
विमल

ता. क. उसवताना लोकर तुटली. तुमच्या गल्लीतल्या दुकानातून तसल्याच पांढऱ्या लोकरीचे दोन गुंडे पाठव.

आणखी ता. क. दोन नको, आठ पाठव. तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तेव्हा तुझीही तयार हवी. एप्रिलात होईल. भर उन्हात दोघी पांघरून बाजारात जाऊ.