वापराची खूण नाही

३ फेब्रुवारी, रविवार
टेकडीवर आज चुन्याची रेघ! पायथ्याच्या पाण्याच्या टाकीपासून थेट वरच्या सपाटीपर्यंत, कोणीतरी फुरसतीने ओढलेली. आमचे सर (निवृत्त ड्रॉइंग मास्तर, भटकंती मंडळ त्यांनीच काढलं) बुटाने पुसायला गेले. पुसेना. उतरताना सगळे रेघ टाळून चालले. एरवी माझ्या गुडघ्यावरून थट्टा करणारी शेजारीणही आज माझा हात धरून उतरली.

५ फेब्रुवारी
दुपारी धाकटा भाऊ आमच्या चष्म्याच्या दुकानात आला. जमीन कचेरीत कारकून आहे तो. फ्रेम बघायचं नाटक करत म्हणाला, "ताई, तिथे खाण येतेय. गुरुवारी साहेब पाहणीला जातील. टेकडी वापरात दिसली तर राखीव, नाहीतर खाणीला. मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नकोस, नोकरी जाईल माझी." दोन लहान मुली आहेत त्याला. नाही बोलणार. फक्त इथे लिहितेय.

६ फेब्रुवारी
सुट्टी टाकून एकटीच वर गेले. उद्या साहेबांसमोर टेकडी कशी लख्ख दिसायला हवी! निगा राखणारी माणसं इथे येतात, हे बघताक्षणी कळेल त्यांना. सात वर्षं हेच करतोय आम्ही. सरांचा नियम — आलात तसे जा, मागे काही ठेवू नका. वेष्टनं, बाटल्या, चुलीचे दगड, झाडाला बांधलेला झोका, सगळं काढलं. माती वाहू नये म्हणून चोरवाटा फांद्या टाकून बुजवल्या. शेवटी स्वतःच्या बुटांचे ठसेही डहाळीने पुसले. वेडेपणाच, पण भारी वाटलं.
वर वारा नव्हता. एक पाखरू ओरडलं नाही. निघताना उगीच दोनदा मागे वळून पाहिलं.

७ फेब्रुवारी
साहेब जाऊन आले. भावाने फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

१४ फेब्रुवारी
कचेरीबाहेर कागद लागला. "पाहणीत मानवी वापराची कोणतीही खूण आढळली नाही. जमीन पडीक."
पडीक! दर रविवारी वीस-पंचवीस माणसं चढतात तिथे.
सर म्हणाले, "कागदाचा कपटासुद्धा नाही मिळाला त्यांना?" माझ्या हाताने झालं हे.

१७ फेब्रुवारी, रविवार
रेघेवर लोखंडी खुंट्या ठोकल्यात. पायथ्याशी पिवळं यंत्र. त्याचा ड्रायव्हर भला माणूस, पाणी दिलं आम्हाला. म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून इकडे येऊ नका, ताई. दगड कुठवर उडतील सांगता येत नाही." किती साधेपणाने बोलला.

२० फेब्रुवारी
मंडळातल्या वकीलबाईंकडे बैठक. हरकत घेता येते, पण वापराचा तारीखवार पुरावा हवा. सगळ्यांनी फोनमधले जुने फोटो दाखवले. दात सगळ्यांचे दिसतात, टेकडी कुठेच नाही. सरांनी हजेरी कधी ठेवली नाही.
मग शेजारीण म्हणाली, "ही लिहिते ना रोज! कोण आलं, कोण घसरलं, सगळं." सगळे माझ्याकडे वळले. सरांचे डोळे भरून आले.

२१ फेब्रुवारी
वकीलबाईंना एकटीला गाठून साफसफाईचं कबूल केलं. वाटलं, झापतील. त्या खुर्चीतून उठल्याच. "अहो, हाच तर पुरावा! आदल्या दिवशी तिथे चूल होती, झोका होता. ते पान हवंच."
म्हटलं, त्या पानावर थोडं घरगुतीही आहे. तेवढं खोडलं तर?
"खाडाखोड दिसली की वही बाद. विरुद्ध बाजू ओळन् ओळ वाचणार."
भावाचं बोलणं त्याच पानावर आहे. वरच्या अर्ध्यात.

२२ फेब्रुवारी
वकीलबाई नऊला वह्या न्यायला येणार. सगळ्या पिशवीत भरल्यात, एवढी एक राहिलीय, लिहून झालं की हीही टाकायची. पान जसंच्या तसं आहे. भावाचा फोन दोनदा वाजला. मी उचलला नाही.